मिशी उतरवून या

धाराशिव, ज्येष्ठ वद्य पंचमी, १९४५

पंचाक्षरी,

व्हय, नावच घेतलंय. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणतात, म्हणून मुद्दाम पहिल्याच ओळीत घेतलं. 'शरणु शरणार्थ' लिहायला हात उचलला नाही. तो मायना तुम्ही तुमच्या तुमच्यात ठेवा.

तुमची चिठ्ठी ईरण्णानं आणून दिली. तुमच्या दुकानाचा हा दिवाणजी बिचारा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणतो, "नगं आक्का, मालक इचारतील कुठं बसला व्हतास म्हणून." नऊ वर्षांत जगदेवी मेली का जगली हे तुम्ही विचारलं नाही, आणि आता एकदम 'सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद'! वा रे वा. घरात दुसरी आणून बसवली, ती पण सख्ख्या बहिणीची पोर, तुमची भाची मल्लम्मा. मग मी सौभाग्यवती कशाची? बाहेर काढलेल्या बायकोला काय मायना लिहितात ते माहीत नसेल तर तुमच्या परंड्यात कुणाला तरी विचारायचं होतं.

तुम्ही लिहिता, मल्लम्माचा शरणबसप्पा सात वर्षांचा झाला, 'जरा उशिरा बोलणारा' आहे. शिवरात्रीला मठात त्याची दीक्षा धरली आहे. स्वामी कानात मंत्र सांगतील, तो त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायला पाहिजे. तेवढी पाच अक्षरं त्याच्या तोंडात बसवून दे, आणि कुणाला कळू देऊ नको.

मी हसले. चिठ्ठी हातात धरून अशी हसले की शाळेतली पोरं धावत आली. ऐकू आलं म्हणून नाही, माझे खांदे हलताना दिसले म्हणून.

उशिरा बोलणारा म्हणे! आपल्या तारामतीला तुमची आई हेच म्हणायची. त्याच मठात तिची दीक्षा मांडली होती, आठवतं का? सात वर्षांची लेक, नवं परकर-पोलकं, कपाळभर विभूती. स्वामी तिच्या कानाशी वाकले, मंत्र सांगितला, सगळा मठ कान देऊन बसला. पोरीच्या कानात वारा गेला, गुदगुल्या झाल्या, ती हसली. पुन्हा सांगितला, पुन्हा हसली. स्वामींनी तोंड उघडायच्या आत तुम्ही उठलात. "हिच्या आईच्या माहेरच्या रक्तात खोट हाय, आमच्या घरात असलं कवा झालं न्हाय," असं भर मठात बोललात. आणि जन्मल्यापासून तिच्या गळ्यात असलेलं लिंग स्वतःच्या हातानं उतरवलंत. आपल्यात मेलेल्याच्या अंगावरचं सुद्धा लिंग काढत नाहीत हो! पोर जिवंत होती.

वर मिशीला पीळ देऊन म्हणालात, "ही पोर उभ्या जन्मात एक शब्द जरी बोलली तर ही मिशी उतरवीन, न्हायतर नावाचा पंचाक्षरी न्हाय." लोक हसले. ते विसरले असतील. मी विसरले नाही.

आता माझ्या शाळेचं सांगते, म्हणजे पोरगं कुठं धाडताय ते कळेल. वेशीबाहेर बार्शी रस्त्याला कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या मागं पत्र्याच्या तीन खोल्या आहेत. जिन दिवसभर असा धडधडतो की इथं कुणी बिऱ्हाड करत नाही. म्हणून जागा मिळाली. माझ्या पोरांना त्या आवाजाचं काय? गावात हिला मुक्यांचा मदरसा म्हणतात. सोलापुरात एका बाईंच्या हाताखाली राहून हे शिकवणं मी शिकले. शुद्ध लिहायला पण तिथंच शिकले, फक्त राग आला की परंडा तोंडात येतो.

पाठवा पोराला. दया आली म्हणून म्हणत नाही. तुमच्या इज्जतीची चावी तुम्ही आपल्या हातानं माझ्या पदरात टाकताय. ती परत करण्याइतकी मी खुळी नाही.

जगदेवी


धाराशिव, आषाढ शुद्ध

पंचाक्षरी,

पोरगं पोचलं. येडशीला आगगाडीतून उतरून ईरण्णा त्याला टांग्यातनं घेऊन आला. केस खांद्यापर्यंत, गळ्यात रुद्राक्षाच्या माळा, अंगावर भगवी कफनी. मी म्हटलं, हे काय सोंग? ईरण्णा टांग्यातलं गाठोडं काढायला वळला.

मी पोराच्या पायातला काटा बघायला खाली वाकले, तर त्यानं मांडी घातली, डोळे मिटले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला! आशीर्वाद दिला हो मला, तुमच्या सात वर्षांच्या पोरानं. कुणी वाकलं की हात ठेवायचा, एवढं एकच शिकवलंय त्याला.

मग मी ईरण्णाला धरलं. म्हातारा रडायला लागला. म्हणाला, "आक्का, लोक लांबून येत्यात. मौनी अप्पा परत जल्माला आलं म्हणून पाया पडत्यात. शिवरात्रीला मौन सुटणार, पयला शब्द मंत्राचा निघणार, अशी दवंडी हाय."

मौनी अप्पा! पंचाक्षरी, तुमच्या त्या चुलत्याला सात वर्षं ताट मी वाढलंय. गावाला तुम्ही सांगत होतात, त्यांनी शिवापुढं मौन धरलंय. गाव त्यांच्या पाया पडत होतं. एकदा त्यांच्या पाठीमागं माझ्या हातून पितळी हंडा पडला. शेजारच्या आळीतनं बाया धावत आल्या. अप्पांनी भाकरीचा तुकडा सुद्धा थांबवला नाही. ते मौनी नव्हते, बहिरे होते, आणि तुमच्या आईला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तिला विचारलं तर ओठावर बोट ठेवून म्हणाली, "घरातलं घरात. तुझ्या पोटाला पण पोर येणार हाय."

म्हणजे खोट माझ्या माहेरची नव्हतीच. तुमच्या घरातली होती, सोवळ्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी बसवलेली. तेव्हा मी सून होते, गप्प बसले. वाटलं, घराची अब्रू. त्याच अब्रूनं माझ्या लेकीचा गळा रिकामा केला. आता मी कुणाची सून नाही.

पोर पहिल्या दिवशी तारामतीच्या मनगटाला चावलं. तिनं त्याला मारलं नाही, उलट त्याच्या हातावर फुंकर घातली. ती आता इथं धाकट्यांना शिकवते. पोरांना माझ्यापेक्षा तीच लवकर कळते.

मंत्र शिकवीन. शब्द दिलाय. बाकी काय शिकवायचं ते माझं मी बघीन.

जगदेवी


धाराशिव, श्रावण वद्य

पंचाक्षरी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. केस कापू नको, कफनी काढू नको, मंत्राशिवाय दुसरं काही शिकवू नको. अहो, केस पोचल्यापोचल्याच कापले. उवा होत्या. मौनी अप्पांच्या अवताराला उवा चावत नाहीत असं तुमच्याकडं मानतात का?

कसं शिकवते विचारलंत म्हणून सांगते. तळहातावर ज्वारीचं पीठ ठेवायचं. 'प' म्हटलं की पीठ उडतं, 'म' म्हटलं की जागचं हलत नाही. 'म' म्हणताना माझ्या नाकावर त्याचं बोट ठेवायचं, तिथं थरथर लागते. 'शि' म्हणताना त्याच्या मनगटावर गार वारा जातो. माझ्या गळ्यावर त्याचा एक हात, स्वतःच्या गळ्यावर दुसरा, आणि समोर आरसा. असं एकेक अक्षर महिना महिना चालतं. तुमच्या पाच अक्षरांतलं पहिलं त्याला जमलंय. जमलं तेव्हा त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला आणि अख्ख्या शाळेत फिरून प्रत्येकाला आपलं नाक दाखवलं.

पण समोरच्याचं तोंड दिसायला पाहिजे. ते नाही दिसलं तर सगळं फुकट. ईरण्णा भेटीला आला की शरणू त्याच्या ओठांकडं बघून भांबावतो, कारण म्हाताऱ्याची मिशी खालच्या ओठावर येते. मी सहज बोलून गेले. तर ईरण्णा तसाच उठून गेला, न्हाव्याकडं जाऊन ओठाबरोबर तासून आला आणि पोरासमोर बसला. "आता बग रं बाळा, काय म्हंतो म्या." पोरानं बघितलं, आणि त्याचं नाव घेतलं. 'ई' एवढंच आलं. म्हातारा पुन्हा रडला. रडायला काही लागतच नाही त्याला.

परवा लढाई संपली म्हणून जिनाचा भोंगा लांबलचक वाजला. गावात साखर वाटली. आमची पोरं भिंतीला तळहात लावून उभी राहिली, भिंत थरथरत होती. शरणू सगळ्यांच्या शेवटी आला, हात लावला, आणि लगेच काढला. पुन्हा लावला. मग कान लावला. किती वेळ तसाच उभा होता.

रात्री माझ्याच अंथरुणाशी येऊन निजतो. गारठा आहे म्हणून. दुसरं काही नाही.

मल्लम्मानं धाडलेले तिळाचे लाडू पोचले. चिंधीत अगदी खाली दडवून दिलेत, म्हणजे तुम्हाला ठाऊक नसणार. तिच्याशी माझं भांडण नाही. मामाशी लग्न लावलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं?

जगदेवी


धाराशिव, मार्गशीर्ष शुद्ध

पंचाक्षरी,

आता खरी अडचण तुमच्या ध्यानात आली तर! स्वामींचं तोंड पोराच्या कानाशी. पोराला ना ऐकू येणार, ना दिसणार. मग मंत्र सुरू कधी करायचा हे त्याला कळणार कसं? तुम्ही लिहिता, ईरण्णाला समोर बसवतो, तो पागोट्याला हात लावील.

ईरण्णा ऐन वेळी रडेल, आणि तुमचं मौन कायमचं राहील. पोर फक्त दोघींकडं बघून बोलतं. माझ्याकडं आणि तारामतीकडं. तेव्हा माझी अट ऐका.

मी आणि माझी लेक मठात पहिल्या रांगेत बसणार. खांबाआड नाही, चुलीपाशी नाही. मल्लम्माच्या वरच्या अंगाला. आणि आम्ही आत आल्यावर तुम्ही उठून सगळ्यांना सांगायचं, ही माझी थोरली आणि ही माझी थोरली लेक. तेवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय. तारामतीला ऐकू येणार नाही, पण लोकांच्या माना वळलेल्या दिसतील.

खूण मी देईन. उजवा हात गालाला लावीन, तो मंत्र म्हणेल. शब्द स्वच्छ येतात आता, जरा घोगरे. लोकांना वाटेल इतक्या जन्मांच्या मौनानं घसा बसलाय.

नाही म्हणायचं असेल तर सांगा. पोराला येडशीहून गाडीत बसवून देते, मग लोकांसमोर तुम्ही आणि तुमची दवंडी. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी आदळआपट कराल, मग व्हय म्हणाल.

जगदेवी


धाराशिव, माघ वद्य अमावास्या, १९४६

पंचाक्षरी,

मठातून पोरासकट आम्ही तिघं तडक निघालो, तुमच्याशी बोलणं झालं नाही. शेवटी तुम्ही मान खाली घालून बसला होतात, म्हणून काय काय झालं ते मीच सांगते. पुन्हा पुन्हा वाचा. मला लिहितानासुद्धा गोड लागतंय.

सुरुवात तुमच्या मनासारखी झाली. ढोल-झांजा, हार, दारात चपलांचा ढीग. लोक भिंतींवर चढून बसले होते. "ही माझी थोरली," हे तुम्ही बोललात खरं, पण इतकं पुटपुटत की ऐकणारेही बहिरे ठरले असते.

आता एक तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट. मी पोराला दोन वाक्यं शिकवली होती. एक तुमचा मंत्र. दुसरं माझं. 'मी मौनी नाही. मी बहिरा आहे. अप्पापण बहिरे होते.' हात गालाला लावला तर तुमचं, डोक्यावरचा पदर मागं सारला तर माझं. आणि मी गालाला हात लावायला आले नव्हते. अख्खा हिवाळा त्या एका वाक्यासाठी पीठ उडवलं होतं.

स्वामी वाकले. थकले आहेत आता, मान हलते त्यांची. पोराच्या कानाशी तोंड नेलं. माझी बोटं पदराला लागली. आणि मला पोराचं तोंड दिसलं. त्याच्या कानात वारा गेला होता. ओठ दाबून धरले होते बिचाऱ्यानं, गाल फुगले होते. हसू येत होतं त्याला. गुदगुल्या होत होत्या.

मी तशीच थांबले. पण माझ्या शेजारी तारामती बसली होती, आणि त्या हसण्याच्या पुढं काय होतं ते साऱ्या मठात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती उठली. मी तिचा परकर धरला, तो तिनं सोडवून घेतला. सरळ पाटापाशी गेली, पोराची हनुवटी धरून त्याचं तोंड स्वामींकडं वळवलं, आणि बोलली.

"समोर म्हणा. आमी बघून ऐकतो."

तो आवाज वर-खाली होणारा, घोगरा. पण प्रत्येक अक्षर स्वच्छ. बायांनी तोंडाला पदर लावले. स्वामींनी तिच्याकडं बघितलं. त्यांनी ओळखलं तिला. मग हात टेकत टेकत पोराच्या पुढ्यात सरकून बसले आणि दिवा जवळ ओढून एकेक अक्षर म्हणाले. पोरानं त्यांच्या गळ्यावर हात ठेवला. स्वामींच्या गळ्यावर हो! शिष्यांची धावपळ झाली, पण स्वामींनी त्यांना थांबवलं.

"न... मः... शि... वा... य."

तुम्ही ताडकन उठून ओरडलात, "मौन सुटलं! चमत्कार झाला!" ढोलवाल्यानं काठी उचलली. तेव्हा स्वामी म्हणाले, "चमत्कार कसला, पंचाक्षरी? लेकराला ऐकू येत न्हाय. आणि शिकीवलंय कुनी तरी लई जीव लावून."

काठी हवेतच राहिली.

मग स्वामींनी तारामतीला खूण केली, बस. ती पोराशेजारी बसली. नऊ वर्षांपूर्वी जो मंत्र कानातनं जात नव्हता तो तिनं डोळ्यांनी घेतला आणि मोठ्यानं म्हटला. स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं. त्यांच्या हातानं गाठ बसेना, मला मारावी लागली.

आणि मागून भांडीवाल्या हणमंतप्पाचा आवाज आला, "ए पंचाक्षरी! मिशी!"

आधी एक जण हसला, मग दहा, मग भिंतीवरचे सगळे. नऊ वर्षांपूर्वी माझी लेक हसली म्हणून तुम्ही तिला बाहेर काढलंत. आता सगळा परंडा हसत होता. काढा की सगळ्यांना बाहेर.

माझं वाक्य पोराच्या तोंडातच राहिलं. सूड घ्यायला मी गेले होते, आणि घेतला माझ्या पोरीनं. तिला तर तो सूड आहे हे माहीतही नव्हतं. पहिल्यांदा मला तिचा राग आला. टांग्यात बसल्यावर गेला.

जगदेवी


धाराशिव, फाल्गुन शुद्ध

पंचाक्षरी,

लिहिताय की, पोरगं परत धाड, न्हायतर पोलिसांच्या अमीनाला आणि शिपायांना घेऊन येतो. या घेऊन. आमच्या पोरांना शिपायाची टोपी लई आवडते.

पण परत नेऊन करणार काय त्याचं? ईरण्णा सांगून गेला, तुम्ही आता लोकांना म्हणताय की दीक्षेत विघ्न आलं, पोर पुन्हा मौनात गेलंय. पुन्हा कफनी, पुन्हा पाट, पुन्हा कुणी वाकलं की डोक्यावर हात. मी त्याच्या तोंडात बोलणं घातलंय ते तुम्ही दाबून परत आत घालणार. एका माणसाला तुमच्या घरानं जन्मभर तसं बसवलं. दुसऱ्याला मी बसू देणार नाही. अमीन आला तर त्याच्यासमोरही हेच सांगीन.

मी त्याला कोंडलेलं नाही. दार उघडंच आहे. मल्लम्मा आली, आठ दिवस राहून गेली. चोरून आली होती, आता चोरून राहिलेलं नाही, म्हणून लिहिते. पीठ उडवायला शिकली. पोराला समोर बसवून "जेवलास का" म्हणाली, त्यानं मान हलवून "जेवलो" म्हटलं, तर बाईनं त्याला तेच चारदा विचारलं. तुमच्या घरात सात वर्षं त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती परत निघाली तेव्हा तो वेशीपर्यंत गेला, आणि तिला हात करून परत आला. तो मला काय म्हणून हाक मारतो ते तिला सांगितलं नाही. वाईट वाटेल तिला.

तुम्हीही या. पोराला समोर बसवून विचारा, येतोस का घरी? तो व्हय म्हणाला तर मी त्याचं गाठोडं बांधून देते. माझ्या आईची, अव्वाची आण.

फक्त एक आहे. त्याला तुमचं बोलणं दिसणार नाही. तुमच्या दोन्ही ओठांवर ते झुडूप आहे. तारामतीला मी विचारलं, तुला तुझ्या बापाचं, अप्पांचं, बोलणं कसं दिसायचं? म्हणाली, "केस हलताना दिसायचे." जन्मापासून तिनं बापाचा एक शब्द बघितलेला नाही. तुम्ही त्या दिवशी मठात काय बोललात, ते सुद्धा नाही.

तेव्हा मिशी उतरवून या. ईरण्णासारखी तासून नाही, साफ उतरवून. बोललाच होतात तसं, भर मठात. मी काही नवं मागत नाही. लोक बाजारात हसतील, हसू द्या. तुम्हाला पोर पाहिजे का मिशी, एवढंच ठरवा.

जगदेवी


धाराशिव, चैत्र शुद्ध

पंचाक्षरी,

तुम्ही आलात आणि घोटभर पाणी पिऊन गेलात. इतके घाईत गेलात की पुढचं काही बघितलं नाही. म्हणून लिहिते.

तोंडाला उपरणं गुंडाळून फाटकात उभे राहिलात तेव्हा मी ओळखलं नाही. वाटलं, दात दुखणारा कुणी जिनातला हमाल आला. उपरणं काढलंत. देवाशपथ सांगते, या घटकेची मी नऊ वर्षं वाट बघत होते. मनात ठरवलं होतं, खदाखदा हसायचं, शेजारच्या बायांना बोलवायचं, जिनातल्या माणसांना दाखवायचं. वरचा ओठ पांढराफटक, बाकीचं तोंड काळं. वस्तरा दोन ठिकाणी लागला होता. इतका पातळ ओठ आहे तुमचा, हे माझ्याही लक्षात नव्हतं. हसू आलं नाही. त्याचा पण राग आला.

पोरांनी तुम्हाला घेरलं. शरणू माझ्यामागं लपला. तारामती पुढं येऊन उभी राहिली, तुमच्या तोंडाकडं बघत. मी म्हटलं, आता म्हणतील. आता म्हणतील, चूक झाली पोरी. तुमच्या ओठांकडं मी तिच्यापेक्षा जास्त रोखून बघत होते. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, पुन्हा उघडलंत, आणि म्हणालात, "पाणी."

पाणी! नऊ वर्षांनी पाणी! माझ्या तोंडाशी शिवी आली होती.

पण ती पळत गेली. तांब्या भरून आणला, तुमच्या हातात दिला, आणि तुम्ही पीत असताना माझ्याकडं वळून, उड्या मारत, मोठमोठ्यानं ओरडली, "अव्वा! पाणी म्हणाले! दिसलं मला, पाणी म्हणाले!" तुम्ही तांब्या तोंडाला लावून वर बघत होतात, तुम्हाला ते दिसलं नाही. ऐकू आलं असेल. ऐकू आलं असेल तर तुमचं देणं फिटलं असं समजू नका. मी माफ केलेलं नाही. तिनं केलं असेल, ती तिची मर्जी.

तुम्ही गेल्यावर शरणू आरशापुढं बसला. आपल्या वरच्या ओठावर बोट फिरवत बसला, मग पीठ घेतलं आणि 'अप्पा' म्हणून बघितलं. पीठ खूप उडालं. हे मी त्याला शिकवलेलं नाही. तारामतीला विचारलं, तर हिनं शिकवलेलं.

घरी येतोस का, हे तुम्ही त्याला विचारलंच नाहीत. ते राहिलं आहे. पुढच्या सोमवारी या, बाजार करून दुपारी या, तेव्हा पोरं जेवून बसलेली असतात. विचारा. तो काय म्हणेल मला ठाऊक नाही. मला भीती वाटते त्याची, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

आणि एक. ईरण्णा म्हणाला, मालक म्हणतात एकदा उतरवली, वचन पाळलं, आता पुन्हा राखतो. तसं चालणार नाही. दर आठ दिवसांनी न्हाव्याकडं बसायचं, सगळ्या पेठेदेखत, जिवात जीव आहे तोवर. मी सांगते म्हणून नका करू. तुमच्या ओठावर मिशी वाढली की माझी दोन्ही लेकरं पुन्हा बहिरी होतात.

जगदेवी